लायब्ररीतल्या कोणत्या पुस्तकाने तुम्हाला उभारी दिली? अनुभव सांगा

पानखूण:
काल भाचीला घेऊन वाचनालयात गेले होते. ती बालविभागात जमिनीवर फतकल मारून बसली आणि मी उगाच मोठ्यांच्या कपाटांमधून फिरत होते. 'एक होता कार्व्हर' दिसलं. तेच चॉकलेटी बाइंडिंग, कण्यावर पांढऱ्या शाईने घातलेला नंबर. मागची तारखांची चिठ्ठी बघितली तर वरून चौथ्या ओळीत माझा सभासद क्रमांक. अजून पाठ आहे तो मला.

बारावीत नापास झाले होते त्या वर्षी. बाहेर पडायचं तर दुपारी दोनला, रस्त्यात कोणी भेटत नाही म्हणून. आणि जायचं कुठे, तर वाचनालयात. तिथल्या बाईंनी निकाल कधीच विचारला नाही. मी रोज एक भुताचं नाहीतर खुनाचं पुस्तक न्यायचे. एक दिवस त्यांनी माझ्या हातातलं काढून घेतलं, हे ठेवलं आणि म्हणाल्या, "आज हे ने. नाही आवडलं तर उद्या बदलून देते. खून काही कुठे पळून जात नाहीत."

वीणा गवाणकरांचं हे पुस्तक 1981 चं, बहुतेकांनी वाचलं असेलच. गुलामीत जन्मलेलं, पळवून नेलेलं आणि एका घोड्याच्या बदल्यात परत मिळालेलं पोर. पुढे एक कॉलेज त्याला पत्राने प्रवेश देतं आणि तो समोर जाऊन उभा राहिल्यावर काळा आहे म्हणून दारातून परत पाठवतं. त्या पानावर मी किती वेळ थांबले होते. भुईमूग, रताळी, निकस झालेल्या जमिनी हे सगळं नंतर. मला तेव्हा फक्त बघायचं होतं की हा आता काय करतो. ऑक्टोबरला पुन्हा बसले, सुटले. पुस्तकामुळे पास झाले असं नाही म्हणणार, क्लासही लावला होता :)

तर लिहा. स्वतःसाठी, पोरांसाठी, 'मला नाही वाचायला आवडत' म्हणणाऱ्या टीनेजरसाठी, कोणासाठीही. भाचीसाठी पण सुचवा. आठ वर्षांची आहे आणि सध्या शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतं तिच्या.

घाईगडबड:
तोत्तोचान!!! भाचीला आजच. बाकी रात्री लिहिते, मशीन थांबलंय, कपडे वाळत घालायचेत.

जुनाट चष्मा:
आता कोणीतरी 'श्यामची आई' सुचवणार, म्हणून आधीच हात जोडतो. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलेलं पुस्तक, गुरुजींबद्दल पूर्ण आदर आहे. पण मला ते आठव्या वर्षी तापात वाचायला दिलं होतं. ताप राहिला बाजूला, हुंदके देऊन देऊन उलटी झाली. आईला वाटलं दुखणं वाढलं. डॉक्टर आले आणि त्यांनी आधी पुस्तक काढून घेतलं.

बिनकामाची:
@जुनाट चष्मा, हसून हसून मेले. आमच्याकडे 'पाडस'ने हेच केलं. भाऊ म्हणाला हरणाच्या पिल्लाची गोष्ट आहे, गोड आहे. ज्यांना शेवट माहीत आहे त्यांना कळेल. दोन दिवस भावाशी बोलले नाही.

पण एक सांगू का, चाळिशीत परत आणलं तेव्हा ज्योडीपेक्षा त्याच्या बापाकडे लक्ष जात होतं. काय समजूतदार माणूस आहे. आणि राम पटवर्धनांचं मराठी, अनुवाद आहे हे विसरायलाच होतं. आता मला विचाराल तर ते उभारी देणाऱ्यातच मोजेन. दहा वर्षांच्या पोराला देणार नाही एवढंच.

दोन ओळी:
फास्टर फेणे. ट्टॉक्.
झालं माझं.

खिडकीपाशी:
मी देवघेवीच्या टेबलाच्या पलीकडून लिहितेय, बरीच वर्षं वाचनालयात काम करते. टीनेजरच्या आईवडिलांना एक गुपित सांगते. 'हे वाच, छान आहे, काहीतरी शिकशील' म्हणून दिलेलं पुस्तक चौदा वर्षांचं माणूस वाचत नाही. कधीच नाही. पण नुकत्याच परत आलेल्या पुस्तकांचा ढीग टेबलावर पडलेला असतो ना, त्याच्यावर सगळे तुटून पडतात. कोणीतरी आत्ता वाचून आणलंय म्हणजे बरं असणार. म्हणून मला एखाद्या मुलाला जे द्यायचं असतं ते मी तो यायच्या वेळी त्या ढिगात वरून दुसरं ठेवते. वरून पहिलं नाही, संशय येतो.

अशाने मिलिंद बोकिलांचं 'शाळा' किती जणांकडे गेलं त्याची गणती नाही. प्रकाश नारायण संतांच्या गोष्टींमधला मुलगा, लंपन, तो पण. 'वनवास' नेणारा पंधरा दिवसांत 'शारदा संगीत' मागायला येतो, मग 'पंखा', मग 'झुंबर'. 'झुंबर' परत करताना "पुढचं?" विचारतात आणि मला सांगावं लागतं की पुढचं नाही. तेव्हाचे चेहरे बघवत नाहीत.

रंगनाथनांनी 1931 मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. त्यातला दुसरा प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, तिसरा प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. दुसरा सगळ्यांना पटतो, पगार मिळतो तो मात्र तिसऱ्याचा असं मला वाटतं.

सायकलवाली आई:
@खिडकीपाशी वरून दुसरं!!! आजच घरी टीपॉयवर करून बघते. लेक चौदाचीच आहे, दार लावून बसलेली असते.

माझ्या धाकट्याची गंमत. चार वर्षांचा असताना माधुरी पुरंदऱ्यांचं 'बाबांच्या मिशा' आणलं, ते परत द्यायला तयारच नाही. मुदत वाढवली, परत वाढवली, शेवटी तिथले काका म्हणाले आता एक दिवस तरी कपाटात राहू द्या हो, इतर मुलांनाही बाबा आहेत. विकत घेऊन दिलं तर म्हणतो हे नको, ते हवं. का? तर त्याच्यावर शिक्का आहे.

दुपारच्या बसने:
शिक्का :D :D
बस आली, नंतर.

निवांत:
आईच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूंची ऑपरेशनं लागोपाठ झाली. आई म्हणजे आठवड्याला तीन पुस्तकं संपवणारी बाई. वाचायचं नाही म्हटल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी लायब्ररीतून चिं. वि. जोशींचा चिमणराव आणला आणि रोज संध्याकाळी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मी काही वाचणारा नाही, शाळा सुटल्यावर मोठ्याने कधी वाचलं नव्हतं. भलत्याच ठिकाणी थांबायचो, आई तिकडून दुरुस्त करायची. तिला पाठच होतं सगळं. गुंड्याभाऊ आला की ती आधीच हसायला लागायची, मग मी हसायचो, मग वाक्य राहूनच जायचं.

तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, "तू आता बरा वाचतोस." बावन्नाव्या वर्षी आईकडून शाबासकी. डोळे बरे झाल्यावरही चालू ठेवलंय. ती म्हणते दिसत नाही अजून नीट. दिसतं तिला चांगलं.

बिनकामाची:
@निवांत काय लिहिलंत हो. दिसतं तिला चांगलं.

घाईगडबड:
आले परत. तोत्तोचानबद्दल. तेत्सुको कुरोयानागी यांच्या स्वतःच्या लहानपणची गोष्ट आहे, जपानमधली, खरी. पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली मुलगी. खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या बँडवाल्यांना हाका मारायची म्हणून. नव्या शाळेत जाते तर वर्ग आगगाडीच्या डब्यांत, आणि मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी तिच्यासमोर बसून चार तास तिचं बोलणं ऐकतात. चार तास! मी पोरीचं चार मिनिटं ऐकत नाही, मधेच 'बरं मग' म्हणते.

माझ्या मुलीला सगळ्यात आवडलेला प्रसंग मात्र पाकिटाचा. तोत्तोचानचं पाकीट संडासात पडतं, ती टाकी उपसून घाण बाहेर काढत बसते. सर बघतात आणि फक्त म्हणतात, झालं की परत आत टाक हं. ओरडत नाहीत. मुलीने ते पान मला तीनदा वाचून दाखवलं. मुद्दा पोचला.

@पानखूण, भाचीला तूच वाचून दाखव सुरुवातीला, नावं अडतात. आणि शेवटी युद्धात शाळा जळते, त्याची कल्पना असू दे.

पानखूण:
@घाईगडबड थँक्स गं. आज आणलं. आगगाडीच्या डब्यातली शाळा म्हटल्यावर भाचीचा पहिला प्रश्न, "ती शाळा उशीर झाला तर निघून जाते का?" चाळीस पानं झाली. पोटदुखीबद्दल अजून काही विचारलं नाहीये. वाट बघतेय.

शाईचा डाग:
हॉस्टेलच्या वर्षी 'चौघीजणी' आणलं होतं. शांता शेळक्यांचा अनुवाद. पहिल्यांदाच घर सोडलेलं, रोज रात्री रडू. पुस्तकात एका पानाच्या समासात कोणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं, 'ज्यो म्हणजे मीच.' मी खाली लिहिलं, 'मी पण.' सहा महिन्यांनी पुन्हा आणलं तर त्याखाली तिसरं अक्षर: 'रांगेत या.'

कोण होत्या त्या दोघी काही कळलं नाही. पण त्या रात्री रडले नाही.

जुनाट चष्मा:
गोष्ट छान आहे. पण सार्वजनिक पुस्तकात लिहू नये.

शाईचा डाग:
पेन्सिलीने लिहिलं होतं काका.

जुनाट चष्मा:
पेन्सिलीनेही. आमच्याकडे एकाने रहस्यकथेच्या दुसऱ्या पानावर खुन्याच्या नावाखाली रेघ मारून ठेवली होती. पेन्सिलीनेच.

दुपारच्या बसने:
बसमधून. नोकरी गेली होती तेव्हा रोज ऑफिसच्या वेळेला डबा घेऊन घरातून निघायचो आणि वाचनालयाच्या वाचनकक्षात बसायचो. घरी सांगितलं नव्हतं. दोन महिने. सकाळी पेपरातल्या जाहिराती, दुपारी 'व्यक्ती आणि वल्ली'. सखाराम गटण्यावर एवढ्या जोराने हसलो की शेजारचे आजोबा 'शांतता राखा'च्या पाटीकडे बोट दाखवायला लागले, मग विचारलं काय वाचताय. पाहिलं. बोट खाली. म्हणाले, "मग ठीक आहे."

त्याच आजोबांनी 'रारंग ढांग' हातात दिलं. प्रभाकर पेंढारकरांचं, हिमालयात कड्याकपाऱ्यांमधून रस्ता बांधणाऱ्यांची कादंबरी. मुंबईची नोकरी सोडून विश्वनाथ नावाचा तरुण इंजिनियर तिथे जातो. बेकार माणसाने ते वाचावं, काम म्हणजे काय असतं ते आठवतं. पण त्या प्रतीची शेवटची पानं गायब होती. मग नोकरी लागली, राहूनच गेलं. शेवट अजून माहीत नाही मला. वीस वर्षं झाली.

सायकलवाली आई:
वीस वर्षं??

खिडकीपाशी:
पानं सुटण्यावरून हात जोडून विनंती. सुटलेलं पान दिसलं तर कृपया घरी सेलोटेप लावू नका. काही वर्षांत तो पिवळा पडतो, सुकून निघतो आणि कागदावर कायमचा चिकट डाग ठेवून जातो. पान तसंच आत ठेवून आम्हाला सांगा. आम्ही खळ आणि पातळ कागदाची पट्टी लावून बसवतो, ते टिकतं.

बिनकामाची:
अरेरे. मी आयुष्यभर पुण्य म्हणून सेलोटेप लावत आलेय.

खिडकीपाशी:
तुम्हीच का त्या.

मोडी:
नवरा गेल्यानंतर वर्षभर मला कोणी काही सुचवलं की राग यायचा. सकारात्मक विचारांची पुस्तकं तर फेकून द्यावीशी वाटायची. दु:खातून बाहेर या म्हणे, पायऱ्या अमुक इतक्या. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मात्र वाचनालयातून आणून पूर्ण वाचली. किती काय काय सोसलंय त्या बाईने, आणि सांगताना किती हसवते. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी घरादाराचे झालेले हाल, नवऱ्याचा, म्हणजे टिळकांचा राग, त्यांचं मधेच न सांगता घरातून निघून जाणं. कुठे रडगाणं नाही, उपदेश तर नाहीच. मला बरं वाटावं म्हणून काही करत नव्हती ती. म्हणून बरं वाटलं.

जास्त लिहीत नाही. इथे सगळ्यांचं वाचतेय.

जुनाट चष्मा:
@मोडी, लिहीत जा.

दोन ओळी:
मी पण परत आणतोय स्मृतिचित्रे.
अर्धं ठेवलं होतं कॉलेजात.

सायकलवाली आई:
अपडेट: टीपॉयवर ढीग केला, वरून दुसरं 'वनवास'. लेकीने येताजाता बघितलं, उचललं, खोलीत गेली. मी आनंदाने वेडी. अर्ध्या तासाने बाहेर आली, "आई, हे तू मुद्दाम ठेवलंस ना?" म्हटलं छे. "मग तुझी टिकली लावलीय खूण म्हणून त्रेपन्नाव्या पानाला." मीच वाचत बसले होते काल रात्री, बंद करवेना.

खिडकीपाशी:
@सायकलवाली आई, पुस्तक तिच्याकडेच आहे ना अजून?

सायकलवाली आई:
हो. दार लावलंय.

निवांत:
@दुपारच्या बसने, माझ्याकडे 'रारंग ढांग' आहे घरी. शेवटच्या पानांचे फोटो काढून पाठवू का?

दुपारच्या बसने:
नको!!! म्हणजे आभार, पण नको. पहिल्यापासून वाचतो परत. उद्याच जातो बदलायला.

बिनकामाची:
उद्या सोमवार. आमचं तरी बंद असतं. तुमचं बघा.

दुपारच्या बसने:
अरे देवा.