शुद्ध, भान, जाणीव: यंत्रासाठी यातला कोणता शब्द?

अनुवादक, महाल: मेंदू आणि यंत्रांवरचा एक लेख मराठीत आणायचा आहे. ‘कॉन्शसनेस’ला कोशात चेतना, जाणीव, शुद्ध, संज्ञा असे सगळेच शब्द दिलेत. सरसकट ‘चेतना’ ठेवलं तर चालेल का?

मेंदूविकारतज्ज्ञ, धंतोली: नाही चालणार. मराठीनं ज्या अवस्था वेगळ्या ठेवल्यात त्या एका शब्दात कोंबल्या जातील. रुग्णाची शुद्ध गुणांनी मोजणारी ग्लासगो कोमा मोजणी घ्या. डोळ्यांना ४, बोलण्याला ५, हालचालीला ६ गुण. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. रुग्णाचे डोळे आपोआप उघडे आहेत, ‘हात उचला’ म्हटलं की उचलतो, पण महिना विचारला तर भलताच सांगतो. बोलण्यातला १ गुण गेला, एकूण १४. हा माणूस शुद्धीवर आहे, भानावर नाही. आपल्याकडे नागपुरात नातेवाईक ‘होश हाये’ म्हणतात, त्यात दोन्ही येतं. म्हणून पुढे विचारावंच लागतं: तुम्हाला ओळखलं का? आपण कुठे आहोत ते सांगितलं का?

दुसरीकडे, झोप आणि जाग यांचं चक्र चालू आहे, डोळे उघडतात, पण कशालाच प्रतिसाद नाही. तिथे ‘जागा आहे’ एवढंच लिहा. ‘जाणीव नाही’ हे घाईनं लिहू नका. २००६ साली मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन यांच्या गटानं अशाच अवस्थेतल्या एका तरुणीला एमआरआय यंत्रात ‘टेनिस खेळताय अशी कल्पना करा’ असं सांगितलं. निरोगी माणसाच्या मेंदूत हालचाल आखणारा जो भाग उजळतो, तोच तिचाही उजळला. बोट हललं नाही, पण सांगितलेलं कळलं होतं.

अनुवादक, महाल: आणि ‘यंत्राला आवाजाची जाणीव होते’ हे वाक्य?

भाषाशिक्षक, प्रतापनगर: मला त्यातला ‘ला’ खटकतो. मराठीत अनुभव ज्याला येतो त्याला ‘ला’ लागतो: मला दिसतं, तिला ऐकू येतं, त्याला गारवा जाणवला. काम करणारा मात्र कर्ता म्हणून येतो: मी पाहतो, ती ऐकते. यंत्र टिपतं, नोंदवतं, ओळखतं, इथवर ठीक. ‘यंत्राला जाणवतं’ म्हटलं की आत कुणीतरी अनुभव घेणारं आहे असं आपण न तपासताच लिहून बसतो. अर्थात नुसत्या ‘ला’वर जाऊ नका, ‘गाडीला पेट्रोल लागतं’ यात फक्त गरज आहे. पुढे ‘कसं वाटलं?’ जोडून बघा. गाडीला हा प्रश्न शोभत नाही.

श्रवणतज्ज्ञ, रामदासपेठ: ऐकू न येणाऱ्यांच्या कानात बसवतात त्या कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये हा फरक रोज कामाला येतो. कानामागचा प्रोसेसर आवाज टिपतो, चुंबकानं डोक्याला चिकटलेली कॉइल तो कातडीखालच्या भागाकडे पाठवते, आणि आतल्या कानातल्या शंखासारख्या कर्णावर्तातले इलेक्ट्रोड (कंपनीप्रमाणे साधारण १२ ते २२) श्रवणचेतेला, म्हणजे ऐकण्याच्या नसेला, विजेचे ठोके देतात. ऐकू मात्र बाळाला येतं. म्हणून मॅपिंगमध्ये, म्हणजे प्रवाह त्या मुलापुरता जुळवताना, दोन वेगळे प्रश्न असतात. सर्वांत कमी प्रवाहाला ‘ऐकू आलं की ठोकळा डब्यात टाक’, आणि वरच्या मर्यादेला ‘मोठा लागतो का?’ ही वरची मर्यादा जास्त ठेवली तर मूल दचकतं, कॉइल ओढून काढतं. फार कमी ठेवली तर बोलणं पुरेसं मोठं लागत नाही. कॉइल सरकली तर प्रोसेसर चालूच राहतो, पण बाळाला काहीच ऐकू येत नाही. पालकांना दिलेल्या सूचनेत ‘मशीनला ऐकू येत नाही’ असं छापलं तर ते बॅटरी बदलत बसतात.

अनुवादक, महाल: मग ‘यंत्र आवाज टिपतं, माणसाला तो ऐकू येतो’ असं करतो. ‘न्यूरॉन’साठी लिहिलेलं ‘मज्जापेशी’ बदलून ‘चेतापेशी’ करू ना?

मेंदूविकारतज्ज्ञ, धंतोली: करा. पाठ्यपुस्तकातही ‘चेता’च आहे, आणि ‘मज्जा’ वाचून लोक हाडातल्या अस्थिमज्जेकडे जातात. आणखी एक जागा सांभाळा. हात हलवता न येणाऱ्या माणसाच्या मेंदूत रोवलेल्या ४ मिमी × ४ मिमी चकतीवरच्या ९६ इलेक्ट्रोडनी संगणकाचा कर्सर हलतो, त्याला ‘विचार वाचणारं यंत्र’ म्हणू नका. चकती हालचालीच्या पट्ट्यात असते. हात अमुक दिशेला न्यायच्या प्रयत्नाचे संकेत ती घेते. संकेत दिवसागणिक बदलतात, म्हणून यंत्र पुन्हा जुळवावं लागतं. तिथे लिहा: ‘त्यानं हात हलवायचा प्रयत्न केला, यंत्रानं तो ओळखून कर्सर हलवला.’

भाषाशिक्षक, प्रतापनगर: की ‘त्यानं यंत्राकरवी कर्सर हलवला’? मी दुसरं घेईन. हलवणारा तोच आहे.

मेंदूविकारतज्ज्ञ, धंतोली: मान्य. दुसरंच घ्या.