हायडॅटिड गाठ : शस्त्रक्रियेनंतरही रक्ततपासणी पॉझिटिव्ह का?

प्रश्न (साक्री, जि. धुळे)
आमच्या वडिलांचे आयुष्य मेंढ्या आणि कुत्र्यांच्या सोबतीने गेले. गेल्या वर्षी त्यांच्या यकृतातील हायडॅटिड गाठ (कुत्र्यांकडून येणाऱ्या कृमीमुळे होणारी पाणीदार गाठ) शस्त्रक्रियेने काढली. परंतु परवाच्या एलायझा या रक्ततपासणीत आयजीजी (एक प्रकारचे प्रतिपिंड) पुन्हा पॉझिटिव्ह आले आहे. आजार उलटला असे समजावे काय?

उत्तर १ (जळगाव, प्रयोगशाळा तंत्रज्ञ)
एवढ्यावरून तसे समजू नये. ही तपासणी कृमी शोधत नाही, तर शरीराने त्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे मोजते आणि ती गाठ निघाल्यावरही कित्येक वर्षे रक्तात राहू शकतात. उलट, गाठ फुफ्फुसात असेल किंवा तिच्यात चुना साचला असेल, तर गाठ असूनही अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो. एका आकड्यापेक्षा त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने केलेल्या तपासण्यांचा कल पाहावा. प्रमाण उतरून पुन्हा चढू लागले, तर मात्र दुर्लक्ष नको.

उत्तर २ (धुळे)
पाठपुराव्याचा खरा आधार सोनोग्राफी आहे. रक्ततपासणी तिला जोड म्हणून. अल्बेंडाझोल (कृमीनाशक गोळ्या) चालू असेल, तर यकृताची तपासणी आणि पांढऱ्या पेशींची मोजणी ठरलेल्या अंतराने करावीच, कारण औषध दोन्हींवर परिणाम करू शकते. (लोक नेमकी हीच टाळतात!)

प्रश्नकर्ता
आभारी आहे. गोळ्या चालूच आहेत. सोनोग्राफी मात्र शस्त्रक्रियेनंतर झालेलीच नाही. जुने अहवाल घेऊन याच आठवड्यात वडिलांना सर्जनकडे नेतो.