बार राहू दे, पण धुराड्याचं बघा

तळमजल्यावर बार असलेल्या जुन्या सोसायटीचा पुनर्विकास कसा करायचा, या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की बारवाल्याला पैसे देऊन कटवा आणि मग कामाला लागा. ऐकायला सोपं आहे. पण गाळा त्याच्या मालकीचा असेल तर तोही सोसायटीचा सभासदच ना? महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, त्यात त्याचंही मत आलंच. शिवाय परमिट रूमचा, म्हणजे बारमध्ये दारू देण्याचा परवाना त्या जागेशी बांधलेला असतो, त्यामुळे तो नव्या इमारतीत तिथेच गाळा मागणार, आणि त्यात गैर काहीच नाही.

आवाजावर सगळे बोललेत (निवासी भागात रात्री १० नंतर मर्यादा ४५ डेसिबल, हे पाठच करून ठेवा), पण एक्झॉस्टचा, म्हणजे किचनचा धूर नि वास बाहेर सोडण्याचा विषय कुणीच काढला नाही. ठाण्यात नौपाड्याला आमच्या जुन्या इमारतीत बारच्या किचनचा पाइप पहिल्या मजल्याच्या खिडकीखाली संपायचा. ग्रिलवर काळा चिकट थर, आणि संध्याकाळी सातला सुरमई फ्रायचा वास थेट देवघरात. नव्या इमारतीच्या पहिल्या नकाशातही डक्ट (धुराचा पाइप) पोडियमवरच, म्हणजे खालच्या मजल्यांवरच्या मोकळ्या गच्चीवरच सोडला होता, म्हणजे वास थेट मुलांच्या खेळण्याच्या जागेत. आम्ही अडून बसलो तेव्हा अगदी वरच्या गच्चीपर्यंत स्वतंत्र शाफ्ट (डक्टसाठी उभी पोकळी) आली. बिल्डर कुरकुरला, कारण प्रत्येक मजल्यावर थोडी जागा जाते. तेव्हा डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंटवर (बिल्डरबरोबरच्या करारावर) सही करण्याआधी शाफ्ट, ग्रीस ट्रॅप (सांडपाण्यातलं तेल अडवणारी टाकी) आणि बारचं वेगळं प्रवेशद्वार नकाशात दाखवून घ्या. आणि डक्ट साफ करण्याचा खर्च बारवाल्याचा, हेही लिहून घ्या, नाहीतर तो खर्च सगळ्यांच्या मेंटेनन्समध्ये शिरतो.