ब्रेक द आइस, ब्रेक अ प्रॉमिस, ब्रेक डाउन: तिन्ही इडियमच का?

माझ्या मते यातली खरी इडियम (म्हणजे आपला वाक्प्रचार) पहिलीच. ब्रेक द आइस म्हणजे अनोळखी लोकांमधला अवघडलेपणा घालवणं, आता हा अर्थ कोणी सांगितला की पटतो पण नुसत्या ब्रेक आणि आइसवरून तो निघत नाही, आपल्या 'डोळा लागणे'सारखंच, डोळाही माहीत आणि लागणंही माहीत, तरी त्यात झोप आहे हे सांगावंच लागतं.

ब्रेक अ प्रॉमिसमध्ये असं लपलेलं काहीच नाहीये. प्रॉमिस म्हणजे वचनच, फक्त ते मोडायचं तर क्रियापद ब्रेक लागतं, स्मॅश किंवा डिस्ट्रॉय लावलं तर विचित्र वाटतं. याला कोलोकेशन म्हणतात. आपल्याकडे काळाकुट्ट, हिरवागार, पिवळाधमक असतं बघा, हिरवाकुट्ट का नाही याचा काही नियम सांगता येत नाही पण कोणी म्हणालं की लगेच कानाला खटकतं, तसंच. इंग्रजीत पाऊस हेवी पण वारा स्ट्राँग, चहापण स्ट्राँग, पॉवरफुल टी कोणी म्हणत नाही (हे हॅलिडे या भाषाशास्त्रज्ञांचं गाजलेलं उदाहरण). त्यांच्याही आधी जे. आर. फर्थ यांनी कोलोकेशन ही कल्पना भाषाशास्त्रात रुजवली, शब्द ओळखायचा तर त्याची संगत बघा अशा अर्थाचं त्यांचं १९५७ सालचं वाक्य आजही सगळीकडे देतात.

ब्रेक डाउन हे फ्रेजल व्हर्ब, म्हणजे क्रियापदाला अप, डाउनसारखा छोटा शब्द जोडून झालेलं. गाडी बंद पडणं, माणसाला रडू कोसळणं वगैरे. यांचाही अर्थ बऱ्याचदा लपलेला असतो म्हणून काही जण यांना इडियममध्येच धरतात आणि ते चूक नाही, पण यांचं व्याकरण वेगळं चालतं, म्हणजे लुक अप (शोधून बघणं) घेतलं तर लुक इट अप म्हणता येतं, लुक अप इट नाही, म्हणून वेगळं शिकवतात.

ओळखायला एक युक्ती, शब्द बदलून बघा. किक द बकेट म्हणजे मरणं, बकेटच्या जागी तशाच अर्थाचा पेल घातला की कोणी मरत नाही, बादलीला खरोखरच लाथ बसते. वाक्य कर्मणी केलं तरी तेच होतं. पण स्पिल द बीन्स (गुपित फोडणं) कर्मणीतही टिकतं, द बीन्स वेअर स्पिल्ड चालतं, तेव्हा कर्मणीच्या कसोटीवर फार विसंबू नका. फूट द बिलसारखी मधलीपण असतात, त्यात बिल हे बिलच, फक्त फूट म्हणजे भरणं.

आणखी एक घोळ म्हणजे इडियमॅटिक इंग्लिश. त्याचा अर्थ इडियम पेरलेलं इंग्लिश असा नाहीये, त्या भाषेच्या लोकांना सहज वाटेल असं इंग्लिश, आणि ते मुख्यतः कोलोकेशनमधूनच येतं!

म्हणूनच मला इडियमच्या याद्या पाठ करण्याचं फार पटत नाही. इडियम अडते ती ऐकताना-वाचताना, आणि तेव्हा डिक्शनरी बघता येते. कोलोकेशन वाचताना अडतच नाही त्यामुळे लक्षही जात नाही, मग बोलायची वेळ आली की 'खोटं बोलणे'चं सरळ स्पीक अ लाय होतं, तिथे टेल हवं. स्वप्न पाहिलं म्हणून सॉ अ ड्रीम, तिथे हॅड. डिक्शनरीत इडियम बऱ्याचदा वेगळ्या काढून दिलेल्या असतात, कोलोकेशन मात्र जास्त करून उदाहरणांच्या वाक्यांत सापडतात, ती वाक्यं वाचा आणि वहीत नुसता मिस्टेक न लिहिता मेक अ मिस्टेक असा अख्खा लिहा.