पवनचक्कीच्या वाऱ्यासाठी झाडं तोडायची का?

डेल्फ्टवासी:
नेदरलँड्समध्ये बऱ्याच ठिकाणी जुन्या पवनचक्कीभोवतीचा ४०० मीटरचा टापू तिच्या वाऱ्यासाठी सांभाळतात. जवळ उंच घर बांधू देत नाहीत, झाडं वाढली की छाटतात, वेळ आली तर तोडतात. मला हे योग्य वाटतं. परवा किंडरडाइकला गेलो होतो. तिथे १९ चक्क्या आहेत, बहुतेक १७३८ ते १७४०च्या, सखल जमिनीतलं पाणी उपसण्यासाठी बांधलेल्या. एकीची पाती जमिनीपासून जेमतेम हातभर वरून सूंऽ करत जात होती. जवळ उभं राहिलं की छातीत धडधडतं. आत चाकांच्या लाकडी दात्यांना मधमाश्यांचं मेण चोळलेलं. हे सगळं वाऱ्यावर जिवंत आहे. झाड काय, पुन्हा लावता येतं.

झाडवेडी:
"पुन्हा लावता येतं" किती सहज लिहिलंत! साठ वर्षांचा पॉपलर पुन्हा तेवढा व्हायला साठ वर्षंच लागतात. तिथलं पाणी आता पंप उपसतात. मग चक्की नुसती उभी असली तर काय बिघडलं? शनिवारी दोन तास पाती फिरावीत म्हणून पाखरांची घरटी का मोडायची?

डेल्फ्टवासी:
बिघडतं ना. थांबलेली चक्की कुजते. पाती एकाच जागी राहिली की पाणी मुरतं, लाकडाला कीड लागते. आणि दुसऱ्या महायुद्धात इंधनाचे वांधे झाले, तेव्हा पाणी याच चक्क्यांनी उपसलं होतं.

साताऱ्याचा:
चक्की चालवण्याची कला युनेस्कोने २०१७ साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतली आहे. वाऱ्याकडे तोंड कधी वळवायचं, पात्यांवर कापडी शीड किती पसरायचं, हे हाताला कळावं लागतं. बंद चक्कीवर ते कोण शिकणार? म्हणून चक्की फिरलीच पाहिजे. पण तिकडे वारा बहुतेक नैर्ऋत्येचा. मग चारी बाजूंना सरसकट कुऱ्हाड कशाला?

झाडवेडी:
हे पटलं. आमच्या घरामागच्या चक्कीजवळ पूर्वेकडचीही झाडं गेली. तिथले शेतकरी विलोचा शेंडा दर काही वर्षांनी उडवतात, बुंधा राहतो, पाखरंही राहतात. तसं काही करता आलं असतं. निदान कोणतं झाड किती वारा अडवतं ते मोजून आधी गावाला दाखवा. आम्हाला पत्र आलं तेव्हा ओंडके रस्त्याकडेला रचूनही झाले होते.