अधिकार काढल्यावरही जुनी कुकी चालते: स्वतःच्या लॉगिनमध्ये हे कसे रोखावे?

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ)
नमस्कार. आमच्या भागातील एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी मी एएसपी डॉट नेट कोअर या मायक्रोसॉफ्टच्या वेब-चौकटीत (फ्रेमवर्कमध्ये) कापूस आणि तूर खरेदीच्या नोंदींचे संकेतस्थळ तयार करीत आहे. तिची तयार लॉगिन-व्यवस्था 'आयडेंटिटी' न वापरता वापरकर्त्यांचे टेबल स्वतःचेच ठेवले असून, पासवर्ड जुळल्यावर 'साइनइनअसिंक' ही आज्ञा कुकी (ब्राउझरमध्ये राहणारी ओळखीची छोटी नोंद) देते आणि काटेवाला, लेखापाल, सचिव या भूमिका त्या कुकीतच जातात. हंगाम संपल्यावर काटेवाल्याची भूमिका टेबलमधून काढली, तरी त्याच्या ब्राउझरमधील जुन्या कुकीवर वजनाच्या नोंदी बदलता येतात. शेतकऱ्याचे पैसे त्याच वजनावर ठरतात, म्हणून हे थांबणे अत्यावश्यक आहे. शिवाय सर्व्हर पुन्हा सुरू केला की सर्वांनाच नव्याने लॉगिन करावे लागते. मार्गदर्शन करावे.

उत्तर (हिंगणघाट)
नमस्कार. कुकीतील मजकूर कूटबद्ध असल्यामुळे वापरकर्त्याला तो बदलता येत नाही. मात्र तो आजही खरा आहे का, हे चौकट आपण होऊन तपासत नाही. मूळ मुदत १४ दिवसांची असते, आणि सरकती मुदत चालू असल्यास अर्धा काळ उलटल्यानंतरच्या विनंतीवर कुकी नव्याने दिली जाते. त्यामुळे नियमित काम करणाऱ्याची जुनी भूमिका कितीही दिवस टिकू शकते.

यावर उपाय असा: टेबलमध्ये प्रत्येक वापरकर्त्यासाठी एक यादृच्छिक शिक्का ठेवावा, तोच कुकीत घालावा, आणि भूमिका किंवा पासवर्ड बदलताच टेबलमधील शिक्का बदलावा. प्रत्येक विनंतीला चालणाऱ्या 'व्हॅलिडेटप्रिन्सिपल' या घटनेत दोन्ही शिक्के ताडून पाहावेत आणि ते जुळले नाहीत, तर 'रिजेक्टप्रिन्सिपल' करून (ओळख नाकारून) साइनआउट करावे. माझ्या मते कुकीने फक्त माणूस कोण एवढेच सांगावे. वजनाची नोंद बदलण्याचा अधिकार सर्व्हरने त्या क्षणी टेबलमधूनच ठरवावा.

उत्तर (वाशिम)
सर्व्हर पुन्हा सुरू होताच सारे बाहेर पडतात, याचे कारण बहुधा कुकी कूटबद्ध करणाऱ्या 'डेटा प्रोटेक्शन' यंत्रणेच्या किल्ल्या केवळ मेमरीत आहेत. त्या कायमस्वरूपी फोल्डरमध्ये साठवाव्यात आणि त्या फोल्डरवर इतरांना प्रवेश देऊ नये.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. प्रत्येक विनंतीला टेबल वाचल्याने संकेतस्थळ मंदावेल का? तसेच काट्याच्या खोलीतील एकच संगणक तिघे वापरतात आणि काही जण पासवर्ड मराठीत, लांबलचक ठेवतात. तो मी बीक्रिप्ट या पद्धतीने, म्हणजे मूळ पासवर्ड परत काढता न येणाऱ्या हॅशच्या रूपात, साठवतो.

उत्तर (हिंगणघाट)
प्राथमिक कीवरून एक ओळ वाचण्याचा भार आपल्या वापरकर्त्यांच्या संख्येला जाणवणारही नाही. सामायिक संगणकासाठी कुकी कायमस्वरूपी ठेवू नये, परंतु तेवढ्यावर विसंबूही नये, कारण मागील टॅब परत उघडणारे ब्राउझर अशी तात्पुरती कुकीही जपून ठेवतात. म्हणून मुदतच तासा-दोन तासांची करावी. 'एचटीटीपीओन्ली' (पानावरील स्क्रिप्टला कुकी वाचता येत नाही), 'सिक्युअर' (कुकी फक्त सुरक्षित जोडणीवरून जाते) आणि 'सेमसाइट' (इतर संकेतस्थळांवरून आलेल्या विनंत्यांसोबत कुकी जाण्यावर मर्यादा) ही तीनही बंधने लावलेली असावीत.

पासवर्डकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच विचारात घेते आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, ३ बाइट घेते. म्हणजे २४ चिन्हांपुढचे अक्षर चुकले, तरी अनेक लायब्ररींमध्ये लॉगिन होते. 'आयडेंटिटी' न घेताही तिचा 'पासवर्डहॅशर' स्वतंत्रपणे वापरता येतो. तो पीबीकेडीएफ२ या दुसऱ्या हॅश-पद्धतीवर चालत असल्याने ही मर्यादा तेथे येत नाही. जुने हॅश उलगडता येत नाहीत, त्यामुळे प्रत्येकाच्या पुढील यशस्वी लॉगिनच्या वेळी नवा हॅश साठवावा.