शाळांमधील अनुभव संस्थांनी एकत्र कसे आणावेत, म्हणजे ते धोरण ठरवणाऱ्यांपर्यंत पोहोचतील?

प्रश्न : लोकमान्यनगर, इंदूर

नमस्कार. आमचा छोटा गट इंदूरच्या शासकीय प्राथमिक शाळांतील मुलांच्या वाचनावर काम करतो. शहरात असे आणखी काही गट आहेत. कोणी शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळांत असलेल्या 25 टक्के राखीव जागांसाठी पालकांना अर्ज भरून देते, तर कोणी बांधकामांवरील स्थलांतरित मजुरांच्या मुलांना शाळेत दाखल करते. प्रत्येकाकडे नोंदी आहेत, परंतु त्या देणगीदारांसाठीच्या अहवालांपलीकडे जात नाहीत. समग्र आयडी (मध्य प्रदेश शासनाचा रहिवाशांसाठीचा ओळख क्रमांक) आणि आधार यांवरील नाव जुळत नसल्याने अर्ज अडतो, हे सांगायला आम्ही सगळे वेगवेगळे कार्यालयात जातो आणि दर वेळी ती एका कुटुंबाची अडचण म्हणून ऐकून घेतली जाते. या नोंदी एकत्र आणायच्या असतील तर सुरुवात कशापासून करावी?

उत्तर 1 : निवृत्त विज्ञान शिक्षक, सुदामानगर

ताई, याचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात आहे. किशोर भारती आणि रसूलियाचे मित्र मंडळ केंद्र या दोन संस्थांनी 1972 मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील 16 माध्यमिक (सहावी ते आठवीच्या) शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू केला. 1978 मध्ये तो जिल्हाभर पसरला आणि 1982 मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो पुढे नेला. त्यातले सर्वांत मोलाचे काम मला शिक्षकांच्या मासिक बैठकांचे वाटते. कोणता प्रयोग वर्गात फसला, कोणता प्रश्न मुलांना समजला नाही, हे शिक्षक तेथे मांडत आणि त्या आधारे ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात बदल होत. मुलांच्या शंकांसाठी तर ‘सवालीराम’ या नावाने पत्रे स्वीकारली जात. शासनाने 2002 मध्ये हा कार्यक्रम शाळांतून बंद केला, याची खंत आजही वाटते. पण पुस्तके आणि अनुभव लिहून ठेवलेले असल्यामुळे पुढच्यांना ते उपयोगी पडू शकले.

म्हणून आपल्या गटांनी महिन्यातून एकदा बसावे आणि यशोगाथा बाजूला ठेवून काय जमले नाही ते आधी सांगावे. देणगीदारांच्या अहवालात ते कधीच येत नाही, आणि धोरणाला नेमके तेच हवे असते.

उत्तर 2 : विजयनगर

सरांचे म्हणणे मला मान्य आहे, परंतु केवळ बैठकींतून हाती येणाऱ्या अनुभवांची बेरीज करता येत नाही. एका गटाचे ‘वाचता येते’ म्हणजे शब्द वाचणे आणि दुसऱ्याचे म्हणजे गोष्ट वाचणे असेल, तर दोघांचे आकडे शेजारी ठेवून काहीही सिद्ध होत नाही. मुलांचे वाचन आणि गणित तपासणाऱ्या ‘असर’ या देशव्यापी पाहणीत अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा पायऱ्या असतात, त्याच सर्वांनी वापराव्यात. ती पाहणी ग्रामीण भागापुरती असल्याने इंदूर शहरातील मुलांचे चित्र तिच्यातून मिळत नाही, आणि म्हणूनच आपल्या नोंदींना महत्त्व आहे. प्रत्येक नोंदीत शाळेचा 11 अंकी यूडायस क्रमांक (देशातील प्रत्येक शाळेला मिळणारा सरकारी ओळख क्रमांक) असावा, म्हणजे एकाच शाळेत दोन गट काम करत असले तरी ते लगेच लक्षात येईल. मुलांची नावे आणि समग्र क्रमांक मात्र गटाबाहेर कधीही जाऊ देऊ नयेत.

उत्तर 3 : वकील, पलासिया

नोंदी एकत्र झाल्यावर त्यांचे दोन भाग करावेत, असे मी आग्रहाने सुचवेन. नियम चांगला असूनही पाळला जात नाही ती प्रकरणे एकीकडे, आणि नियमामुळेच मूल बाहेर राहते ती दुसरीकडे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 14 नुसार वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि कलम 5 नुसार शाळा सोडल्याच्या दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. स्थलांतरित मुलांच्या बाबतीत असे घडत असेल तर ती अंमलबजावणीतील चूक आहे; तिची दाद स्थानिक प्राधिकरणाकडे आणि तेथे न्याय न मिळाल्यास राज्य बाल अधिकार संरक्षण आयोगाकडे मागता येते. समग्र आयडीचा प्रश्न प्रवेशाच्या पद्धतीचा आहे, म्हणून तो राज्य शिक्षा केंद्राकडे, म्हणजे राज्यातील प्राथमिक शिक्षण पाहणाऱ्या शासकीय संस्थेकडे, सर्व गटांनी मिळून, एकाच निवेदनात मांडला पाहिजे.

शाळा व्यवस्थापन समितीलाही वगळू नका. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे तिचे कायद्याने ठरलेले काम आहे. आपल्या नोंदी तेथील मातांना समजतील अशा शब्दांत मांडल्या, तर त्या आराखड्यात सहज येऊ शकतील.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रवेशाचे अर्ज सुरू होण्याआधी अडलेल्या अर्जांची कारणे एकाच तक्त्यात भरावीत, असे मी उद्या इतर गटांना सुचवते. वाचनाच्या पायऱ्या त्यानंतर घेऊ. सर, पहिल्या बैठकीला आपण याल का? आणि वकीलसाहेब, तक्त्यातील कारणांची वर्गवारी आपण एकदा तपासून द्यावी, ही विनंती.